जुन्या स्पोर्ट्स कारचा गंज आणि फुटका सायलेन्सर: कोटेशन कधी द्यायचं आणि कसं?

या विषयावरच्या व्हिडिओत आकडे घाईघाईत सांगून झाले, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय. कागद-पेन घेऊन बसा. हा लेख छोटं गॅरेज चालवणाऱ्यांसाठी आहे. गाडीमालक वाचत असतील तर त्यांनाही फायदा आहे, कारण बिल असं का येतं ते कळेल.

आधीच सांगतो, माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, शिवमंदिराच्या बाजूला. वेल्डिंगचा हात माझा नाही. पण अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरचे डेंटर आणि सायलेन्सरवाले रोज काउंटरवर येतात. काम कुठे फसतं आणि पैसे कुठे बुडतात, हे त्यांच्याकडूनच कळतं.

गंजाच्या कामात पैसे बहुतेक वेळा फोनवरच बुडतात. गिऱ्हाईक विचारतं, "खालून थोडा गंज आहे, सायलेन्सर फुटलाय, किती होतील?" आपण म्हणतो, "या, तेरा-चौदा हजारांत करून टाकू." गाडी वर घेतली, कार्पेट काढलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो सरळ आत. आता काय करणार? आकडा तर तोंडातून गेला. मग एकतर तोटा सोसायचा, नाहीतर भोकावर पत्रा चिकटवून वर काळं अंडरकोटिंग मारायचं. दुसरा रस्ता बरेच जण धरतात, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या जिवाला धोका असतो. कसा, ते पुढे सांगतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे कुठली?

आपल्या भागात फेरारी येत नाही. येतात त्या वेगळ्या. एक म्हणजे २००१ मध्ये आलेली फियाट पॅलिओ, त्यातही १.६ लिटरची जीटीएक्स. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. कागदावर ती हॅचबॅक, पण मालक तिला स्पोर्ट्स कारसारखीच जपतात. दुसरी एकदम दुर्मिळ, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली सॅन स्टॉर्म. दोन सीटची, उघड्या छताची, गोव्यात बनलेली, रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. हिची बॉडी फायबरची. त्यामुळे मालक छातीठोकपणे म्हणतो, "हिला गंज लागतच नाही." बॉडीला नाही लागत, बरोबर आहे. पण खालचा सांगाडा लोखंडी आहे, सायलेन्सर लोखंडी आहे, आणि फायबरचं आवरण वरून इतकं छान दिसतं की खाली बघायची कुणाला बुद्धी होत नाही. अशी गाडी आली तर जास्त सावध राहा.

या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी असते. मालकाचं गाडीवर प्रेम असतं आणि रोजचं रनिंग कमी असतं. गंजाला नेमकं हेच आवडतं.

कमी चालणारी गाडी आतून का सडते?

पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. लांबच्या रस्त्यावर सायलेन्सर तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. पण बदलापूरच्या घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर गाडी नेली आणि बंद केली, तर वाफेचं पाणी होऊन सायलेन्सरच्या डब्यात साचतं. त्यात जळलेल्या इंधनातले आम्ल घटक मिसळतात. म्हणून सायलेन्सर बहुतेक वेळा आतून बाहेर सडतो. बाहेरून रंग चांगला आणि हाताने दाबला तर चुरा. डब्याच्या तळाला काही सायलेन्सरमध्ये बारीक भोक दिलेलं असतं, ते पाणी निघायलाच असतं. कारागिराने "लीकेज" समजून ते वेल्डने बंद केलं तर नवा सायलेन्सरसुद्धा लवकर जातो.

पत्र्याचं गणित वेगळं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात एमआयडीसीची हवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की जोड फुगवून उघडतो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. दाराखालची बंद पेटी, म्हणजे सिल, चाकाच्या कमानीचा आतला भाग, पायाखालचा फ्लोअर आणि मागच्या सस्पेन्शनचे माउंट, या चार जागा आधी बघा.

गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारा: "जुलै २०१९ मध्ये गाडी कुठे उभी होती?" बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा उल्हास नदीचं पाणी किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं ते आठवा. पुराचं पाणी ओसरतं, पण सिलच्या पेटीत गाळ राहतो आणि तो वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मातीची रेघ दिसली की समजून जा आणि अंदाज वाढवा. गाडी नंतर विकत घेतली असेल तर नव्या मालकाला हे माहीतही नसतं.

गंज आणि सायलेन्सर हे एकच काम का?

आता मघाशी सोडलेला मुद्दा. सायलेन्सरच्या पाईपला फ्लोअरच्या खाली लीक असेल आणि फ्लोअरला गंजाचं भोक असेल, तर एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये शिरतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं ऊन लागलं. काचा बंद, एसी चालू आणि ट्रॅफिकमध्ये उभी गाडी, ही सगळ्यात वाईट वेळ. उघड्या छताच्या गाडीचं छत लावून मागची काच किंवा डिकी नीट बंद नसेल, तर चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागूनही आत ओढला जातो.

म्हणून पहिली चौकशी करतानाच विचारा, "गाडीत बसल्यावर डोकं दुखतं का?" हो म्हणाला तर गाडी चालवत घरी पाठवू नका.

व्यवहारात याचा अर्थ काय? "फ्लोअर करा, सायलेन्सर पुढच्या महिन्यात बघू," असं गिऱ्हाईक म्हणालं तर हे मान्य करू नका. उलट क्रमाने चालेल: आधी एक्झॉस्ट पूर्ण बंदिस्त करा, फ्लोअर त्यानंतर ठरल्या तारखेला. त्याला तेही नको असेल तर जॉब कार्डवर "केबिनखाली एक्झॉस्ट लीक, गाडी चालवू नये" असं लिहा, सही घ्या आणि गाडी टो करून न्यायला सांगा. गिऱ्हाईक रागावेल. रागावू द्या.

आणि हा नियम आपल्या कारागिरालाही लागू. पावसात गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढून आत इंजिन चालू ठेवतात. तसं अजिबात करू नका. टेलपाईपला नळी लावून धूर बाहेर काढा, नाहीतर गाडी बाहेर ढकला.

तपासणीचे पैसे घ्या

फोनवर एकच वाक्य बोलायचं: "गाडी बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही, तपासणी १,५०० रुपये, काम आमच्याकडे केलं तर बिलात वळते." हे ऐकून दहापैकी काही जण येणार नाहीत, आणि बहुतेक वेळा तेच लोक नंतर बिलावर भांडणारे असतात.

तपासणीत तीन तास धरा. पुट्टी शोधायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. फायबरच्या गाडीवर अर्थातच ते कुठेच चिकटणार नाही, तिथे फक्त सांगाड्यावर फिरवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, सडलेल्याचा भद्द. टोचून बघायच्या आधी गिऱ्हाइकाची परवानगी घ्या, नाहीतर "भोक तुम्ही पाडलं" हे ऐकावं लागेल.

एक्झॉस्टसाठी इंजिन थंड असताना सुरू करा आणि एकाने टेलपाईपवर जाड फडकं क्षणभर धरावं. लीक असेल तिथून फुसफुस ऐकू येते. थंड इंजिनला मॅनिफोल्डपाशी टिक-टिक आवाज आणि गरम झाल्यावर तो गायब, तर पॅकिंग गेलंय किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. धातू तापून फुगतो आणि फट बंद होते, म्हणून दुपारी आणलेल्या गाडीत हे सापडत नाही. गाडी आदल्या संध्याकाळीच ठेवून घ्या.

मालक "अ‍ॅव्हरेज कमी झालं" म्हणत असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या जोडाकडे बघा. तिथली फट बाहेरची हवा आत ओढते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. सेन्सर बदलून काही होत नाही. माझ्या काउंटरवरून सेन्सर विकला जाईल, पण तुमचं गिऱ्हाईक परत येईल.

सगळ्याचे फोटो आणि एक छोटा व्हिडिओ काढून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. भोकाशेजारी पट्टी धरून फोटो काढला की वाद राहत नाही.

तासाचा भाव

हा भाग सगळ्यात जास्त जण टाळतात. एक उदाहरण घेऊ, आकडे तुमचे तुम्ही टाका. गाळ्याचं भाडं १८,०००, वीज ४,०००, दोन कारागीर ४४,०००, तुमचा स्वतःचा पगार ३०,००० (हो, तो लिहायचाच), चहा-फोन-हत्यारांची झीज ४,०००. महिन्याचे झाले १,००,०००.

आता तास. दोन कारागीर, २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ४००. पण सगळे तास बिलात येत नाहीत. स्पेअर आणायला कुर्ल्याला गेला, लाईट गेली, गिऱ्हाईक गप्पा मारत बसलं. ६० टक्के धरा, म्हणजे २४०. एक लाख भागिले २४०, म्हणजे ४१७, धरा ४२०. ही फक्त लागत झाली. त्यावर २५ टक्के नफा, म्हणजे तासाला ५२५. तपासणीचे तीन तास १,५७५ होतात, म्हणून १,५०० सांगितले.

आता फोनवरचा तो आकडा तपासू. अंदाजाने २० तास, ४२० ने ८,४००, सामान ५,०००, मिळून १३,४००. आपण १३,५०० सांगून मोकळे. प्रत्यक्षात उघडल्यावर: तपासणी आणि खोलाई ५ तास, तुटलेले स्टड काढायला ३, डावी सिल ११, उजवी ८, फ्लोअर ७, साफसफाई-प्रायमर-वॅक्स ६, एक्झॉस्ट बनवून बसवायला ६. झाले ४६ तास. लागत १९,३२० आणि सामान ८,२००, एकूण २७,५२०. म्हणजे नफा सोडाच, खिशातून १४,०२० गेले.

यात डावी सिल ११ तास आणि उजवी ८ का? पहिल्या बाजूला माप काढण्यात वेळ जातो, दुसऱ्या बाजूला तेच माप उलटं वापरता येतं. असे बारकावे जॉब कार्डवर लिहून ठेवलेत तर पुढच्या कोटेशनला उपयोगी पडतात.

तीन टप्प्यांचं कोटेशन

पहिला टप्पा तपासणी, तो झाला. दुसरा टप्पा खोलाई आणि साफसफाई: कार्पेट, सीट, एक्झॉस्ट काढायचं, गंज वायर ब्रशने खरवडून चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते खडूने आखायचं. याचे पैसे ठरलेले सांगता येतात. तिसरा टप्पा वेल्डिंग आणि फिटिंग, आणि इथे आकडा देताना पट्टा द्या, उदाहरणार्थ २४ ते ३३ हजार, आणि खाली लिहा: "३३,००० च्या वर जाणार असेल तर काम थांबवून फोन करू." खोलाईनंतर गिऱ्हाइकाला गाळ्यावर बोलवा आणि खडूची रेघ दाखवा. तिथे तो "नको" म्हणाला तर दोन टप्प्यांचे पैसे घेऊन गाडी परत. दोघांचंही नुकसान नाही.

उचल दुसऱ्या टप्प्याआधी घ्या. तिसऱ्याआधी सामानाचे पूर्ण पैसे घ्या.

काम करताना कुठे पैसे आणि गाडी वाचते

उघड्या छताच्या गाडीत सगळा ताण खालच्या भागावर असतो. छत नाही, त्यामुळे सिल कापली की गाडी मध्ये वाकू शकते आणि मग दार लागत नाही. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाईप टाकून वेल्डने तात्पुरता जखडा, दाराच्या फटी मोजून लिहा, आणि एका वेळी एकच बाजू कापा.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची लाईन आणि टाकी जवळ असेल तर तीही काढा. सीओटू वेल्डिंगने थोडं-थोडं, जागा बदलत टाके घाला. एका दमात सलग लाईन ओढली तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो. फायबरच्या बॉडीजवळ ठिणगी गेली तर ती पेटते, ओलं फडकं आणि पत्र्याची आड ठेवा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. काम झाल्यावर अर्धा तास तिथे कुणीतरी थांबायचं, कारण कार्पेटखालचं नमदं आतून धुमसत राहतं.

सडलेल्या पत्र्यावर रस्ट कन्व्हर्टर मारून चालत नाही. तो वरवरच्या गंजावर काम करतो, भोकावर नाही. बंद पेटीच्या आत वेल्डिंगच्या उष्णतेने रंग जळतो, म्हणून नंतर आतून वॅक्स फवारणं गरजेचं आहे. बाहेरून कितीही काळं मारा, आतून उघडं राहिलं तर दोन पावसाळ्यांत परत तेच. आणि सिलच्या खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका.

एक्झॉस्टच्या नट-बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडा, सकाळी गरम करून थोडं उलट, थोडं सुलट फिरवा. तरीही स्टड तुटतात, म्हणून ते कोटेशनमध्ये आधीच लिहा. रबरचा हँगर तुटला म्हणून पाईप सरळ बॉडीला वेल्ड करणारे कारागीर आहेत. इंजिन रबर माउंटवर हलतं, पाईप हलत नाही, आणि तडा जातो मॅनिफोल्डला. पाचपन्नास रुपयांच्या रबरापायी हजारोंचा पार्ट.

"जरा आवाज पाहिजे"

स्पोर्ट्स कारवाला हे म्हणणारच. डबा काढून सरळ पाईप टाका, कॅट रिकामा करा. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. शिवाय पीयूसी. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. म्हणजे पॅलिओ काय, स्टॉर्म काय, या वयाच्या गाड्यांचा कॅट रिकामा केला की पीयूसी मशीन ते दाखवतं. आणि या गाड्यांची पंधरा वर्षं उलटली आहेत. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण कल्याण आरटीओत करायचं असतं, तिथे गाडी तपासली जाते. कंपनीच्या डिझाइनचा चांगला स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर सुचवा. महाग आहे, पण कमी चालणाऱ्या गाडीला तोच परवडतो, कारण आतल्या पाण्याला तो बराच काळ दाद देत नाही.

जुना कॅट काढलात तर तो गिऱ्हाइकाला परत द्या आणि "परत दिला" असं बिलावर लिहून सही घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाल्याला त्याची किंमत माहीत असते. गिऱ्हाइकाला नंतर कळलं तर तुमचं नाव खराब. त्याने "ठेवा तुम्हीच" म्हटलं तर भंगाराची रक्कम बिलात वजा दाखवा.

गाडी देताना

इंजिन थंड असताना परत एकदा फडक्याची चाचणी, गिऱ्हाइकासमोर. मग दहा मिनिटं चालवून जोड पुन्हा कसायचे, कारण पहिल्यांदा तापल्यावर क्लॅम्प सैल होतात. वॉरंटी लिहून द्या, पण मोजकी: एक्झॉस्टच्या जोडांना सहा महिने, वेल्ड केलेल्या जागेला एक वर्ष. "गंजाची गॅरंटी" असे मोघम शब्द लिहू नका, कारण शेजारचा पत्रा पुढच्या वर्षी सडला तर तोही तुमच्या माथी येईल. कुठल्या जागा केल्या आणि कुठल्या केल्या नाहीत, दोन्ही फोटोंसह बिलाला जोडा.

गणपती झाले, पाऊस ओसरला की या गिऱ्हाइकांना फोन करून बोलवा. गाडी वर घ्या, सिलच्या भोकांत वायर घालून ती मोकळी आहेत का बघा, सायलेन्सरचे रबर बघा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेऊ नका. जॉब कार्डचा कोरा नमुना व्हिडिओखाली दिलाय, त्यात तुमच्या गाळ्याचा तासाचा भाव आधी भरा, मगच छापून घ्या.